पळीभर तेल आणि रात्रीचा अभ्यास

लाईट गेली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, ‘समोरच्यांकडे आहे का?’ समोरच्यांकडेही नसेल तर जिवाला जरा बरं वाटतं. दुसरा प्रश्न मोबाईल किती टक्के चार्ज आहे हा. आणि परीक्षा तोंडावर असेल तर तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा, ‘आता वाचायचं कसं, भो?’

हा तिसरा प्रश्न फैजपूर-सावदा-रावेर पट्ट्यातल्या आपल्या पिढीचा नाही. तो हजारो वर्षं जुना आहे. फरक एवढाच, की आपल्याला तो अर्धा-एक तास पडतो आणि त्या काळच्या माणसाला तो रोज संध्याकाळी पडायचा. सूर्य मावळला की घरात जे काही करायचं, जेवण, निवडणं-टिपणं, बाळंतपण, हिशेब, अभ्यास, ते सगळं एका वातीच्या उजेडात. आणि ती वात फुकट जळत नव्हती. कुणीतरी तीळ पिकवले होते, कुणीतरी घाणा फिरवला होता, कुणीतरी तेलाचे पैसे मोजले होते.

दिवाळीत आपण पणत्यांचे फोटो टाकतो. त्या पणतीचा हिशेब मात्र कधी करत नाही. या वेळी तो करून बघू.

दगडाची वाटी, शिंपल्याचा दिवा

दिवा म्हणजे काय? एक खोलगट भांडं, त्यात जळणारा स्निग्ध पदार्थ आणि एक वात. बस. फ्रान्समधल्या लास्को गुहेत किमान १७ हजार वर्षांपूर्वी चित्रं काढणाऱ्या माणसांकडे हेच होतं. तिथे लाल वालुकाश्मात कोरलेला, दांडा असलेला पळीसारखा दिवा सापडला. त्यात तेल नव्हे, जनावराची चरबी जाळत.

इराकमधल्या उर शहरात साडेचार हजार वर्षांपूर्वी शंख-शिंपल्यांचे दिवे वापरत. शिंपल्याला निसर्गानेच पन्हळ दिलेली असते, तिच्यात वात बरोबर बसते. पुढे श्रीमंतांच्या कबरींत त्याच आकाराचे सोन्या-चांदीचे दिवे ठेवले गेले. आपल्या पणतीचं चिमटीने दाबलेलं तोंडही त्याच कामाचं. उत्खननात मातीची वाटी सापडली, तर ती आमटीची की दिव्याची हे ओळखायची एक साधी खूण असते. काठावर एकाच जागी काजळी दिसली, की तो दिवा.

इजिप्तमध्ये राजांच्या थडग्यांचं कोरीवकाम करणाऱ्या कारागिरांची वस्ती होती, देर अल-मदिना. साधारण ३२०० वर्षांपूर्वी तिथले कारकून खापरांच्या तुकड्यांवर रोज किती वाती दिल्या आणि किती जळाल्या, याची नोंद ठेवायचे. डोंगराच्या पोटात खोल काम चाललेलं. वात संपली की काम थांबलं. म्हणून हजेरीपटासारखा वातींचाही पट.

इजिप्तचीच आणखी एक गोष्ट आपल्याला ओळखीची वाटेल. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो, की साइस नावाच्या शहरात एका रात्री सगळे लोक घराभोवती उघड्यावर दिवे लावत. पसरट भांडी, त्यात मीठ आणि तेल, वर तरंगती वात, आणि हे दिवे रात्रभर जळत. ज्यांना साइसला जाता येत नसे, ते आपापल्या गावी लावत. म्हणजे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात नाईल नदीकाठी एक दीपोत्सव होता!

तेल कुठून यायचं?

‘तेल’ हा शब्दच तिळापासून आला. तिळाचं ते तैल. शेंगदाणा इथला नाही, तो दक्षिण अमेरिकेतून अगदी अलीकडच्या शतकांत आला. म्हणून प्राचीन खान्देशातला दिवा डोळ्यांसमोर आणायचा, तर शेंगदाणा तेल आधी बाजूला ठेवावं लागतं. उरतात तीळ, जवस, करडई, एरंडी, करंज आणि सातपुड्यातला मोह.

जवसाचा पुरावा तर आपल्या शेजारीच आहे. सातपुडा ओलांडला की नर्मदेच्या काठी, महेश्वरच्या समोर नावडातोली आहे. डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या पथकाने १९५०च्या दशकात तिथे उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या घरांत गहू, मसूर यांच्यासोबत जवसाचे जळके दाणे मिळाले.

तेल किती निघायचं याचा आकडाही आपल्याकडे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या अधिकाऱ्यासाठी हिशेब दिलाय. जवसातून सहावा भाग तेल, कडुनिंब आणि कवठाच्या गटातून पाचवा भाग, आणि तीळ, करडई, मोह, हिंगणबेट यांच्यातून चौथा भाग. सोप्या भाषेत, ४ किलो तीळ घाण्यात घातले की १ किलो तेल.

हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वातीच्या बाबतीत मात्र खान्देश नशीबवान. ग्रीस-इजिप्तकडे जवसाच्या झाडाचा धागा वातीला वापरत. आपल्याकडे कापूस. कापसाचे तंतू एकमेकांना चिकटून असतात, त्यांच्यामधल्या बारीक फटींतून तेल आपोआप वर चढतं. अकरावी-बारावीत आपण ज्याला केशाकर्षण म्हणतो, तेच. वर चढलेलं तेल तापून त्याची वाफ होते आणि खरं तर ती वाफ जळते. ज्योतीचा पिवळा रंग म्हणजे तापून लाल-पिवळे झालेले काजळीचे कण. ते थंड झाले की कोनाड्याच्या छतावर काळा डाग. हीच काजळी डिंकात घोटली की शाई! म्हणजे ज्या दिव्यात वाचायचं, त्याच दिव्याने लिहायची सोयही करून ठेवलेली.

आम्ही केलेला प्रयोग

लिहिण्याआधी बघायलाच हवं होतं. म्हणून एका रविवारी रात्री आम्ही तिघा मित्रांनी खोलीतली लाईट बंद केली, मोबाईल पिशवीत टाकले आणि मातीची एक पणती लावली. चहाचे तीन चमचे तिळाचं तेल, कापसाची वळलेली वात. पणती आधी तासभर पाण्यात बुडवून ठेवली होती. कोरडी मातीच तेल पिते, हे गावातल्या कुंभारकाकांनी बजावून सांगितलं होतं.

पहिली पाच मिनिटं भारी वाटतं. मग पुस्तक उघडलं. वीतभर अंतरावर पानावरचा मजकूर नीट वाचता येतो. हातभर लांब नेलं की फक्त मथळे. तिघांनी एकत्र वाचायचं म्हटलं तर कुणाच्या तरी डोक्याची सावली पानावर पडतेच. थोड्या थोड्या वेळाने वात पुढे सारावी लागते, नाहीतर ज्योत बारीक होते. खिडकी उघडली की ज्योत नाचते आणि अक्षरंही. खिडकी बंद केली की डोळे चुरचुरतात. पाऊण तासात माझी सहा पानं झाली. दिवा मात्र साधारण चार तास टिकला. आम्हीच आधी दमलो.

‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो. पण ती शब्दशः खरी आहे. पणतीचीच सावली तिच्या बुडाशी पडते. जमिनीवर ठेवलेला दिवा स्वतःच्या आसपासच उजेड देत नाही. म्हणून तर समईला उंच दांडी, लामणदिव्याला साखळी आणि जुन्या घरांत भिंतीत कोनाडा. हे सगळं शोभेसाठी आहे असं आपल्याला वाटतं. मुळात ते उजेडाचं इंजिनिअरिंग आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या दिव्यांचा मोठा संग्रह आहे. तो बघताना प्रत्येक दिवा किती उंचीवर राहील असा केलाय, एवढं एकच बघा. घरातलं त्याचं काम लगेच कळतं.

आणखी एक गोष्ट प्रयोगात कळली. सहा पानांनंतर आमच्यापैकी एक जण वाचू लागला आणि दोघं ऐकू लागलो. काम तिप्पट वेगाने झालं. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ म्हणजे गणिताचं पुस्तक, पण ते श्लोकांत आहे. आपल्याला याचं आश्चर्य वाटतं. पण श्लोक अंधारातही घोकता येतो, त्याला तेल लागत नाही. पाठांतराच्या परंपरेमागे कारणं अनेक आहेत, त्यातलं हेही एक असावं असं त्या रात्री आम्हाला वाटलं.

एका वर्षाच्या उजेडाची किंमत

आता हिशेब. विल्यम नॉर्डहाउस हे अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ, २०१८चे नोबेलविजेते. त्यांनी १९९०च्या दशकात एक जुना रोमन मातीचा दिवा विकत घेतला, त्यात तिळाचं तेल घातलं आणि घड्याळ लावून बसले. पाव कप तेल १७ तास जळलं. मग त्यांनी गणित मांडलं, की वेगवेगळ्या काळात ठरावीक उजेड मिळवायला माणसाला किती तास मजुरी करावी लागत होती. आजच्या ९ वॅटच्या एलईडी बल्बला जो उजेड द्यायला तासाहून थोडा जास्त वेळ लागतो, तेवढ्या उजेडाच्या तेलासाठी पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनमधल्या मजुराला ४१ तासांहून जास्त राबावं लागलं असतं. १९९२मध्ये अमेरिकेत त्यासाठी अर्ध्या सेकंदाचीही मजुरी पुरत होती.

हेच आपल्या भाषेत करू. समजा, पाटण्याच्या मठातला एक विद्यार्थी रोज रात्री चार तास अभ्यास करतो. (पाटणा कुठलं, ते पुढे येतंय.) वर्षाचे १४६० तास. १७ तासांना पाव कप, म्हणजे साधारण ६० मिलिलिटर या दराने वर्षाला ५ लिटरच्या थोडं वर तेल. वजनाने पावणेपाच किलो. कौटिल्याच्या चौथ्या भागाने त्याला लागतील सुमारे १९ किलो तीळ. फक्त एका मुलाच्या एका दिव्याला, आणि उजेड एका मेणबत्तीपेक्षाही कमी! घरात खाणारी तोंडं असताना १९ किलो तीळ अभ्यासाला जाळणार कोण?

तेवढाच वेळ ९ वॅटचा बल्ब लावला तर वर्षाला १३ युनिट वीज. बिलात शंभर-सव्वाशे रुपये. आणि उजेड मेणबत्तीच्या साठ-सत्तर पट.

म्हणजे रात्रीचा अभ्यास ही प्राचीन काळी चैन होती. ज्याच्या घरी तेल, त्याचा दिवस मोठा. बाकीच्यांचा दिवस सूर्यासोबत संपायचा.

दिव्यासाठी फिक्स्ड डिपॉझिट

मग ज्यांना परवडत नव्हतं, त्यांच्यासाठी तेल कोण देत होतं? इथे गोष्ट खरी रंगते. कारण आपल्याकडे त्यासाठी चक्क ठेवी ठेवलेल्या सापडतात.

नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या शतकातला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला एक लेख आहे. (हेच ते आभीर, ज्यांच्यावरून अहिराणीला नाव मिळालं असं मानतात.) विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी पैसे दिले. ते तिने ठेवले कुठे, तर कारागिरांच्या श्रेणींकडे. त्या श्रेणींत तेल गाळणाऱ्यांचीही एक श्रेणी होती. या प्रकाराला अक्षयनीवी म्हणत. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून काम चालवायचं. आजच्या पतपेढीसारखंच.

दिव्यासाठीची ठेव तर उत्तरेत अगदी स्पष्ट आहे. सांचीच्या इ.स. ४१२-१३च्या लेखात अम्रकार्दव नावाच्या दात्याने पाच भिक्षूंच्या जेवणाची आणि रत्नगृहातल्या एका दिव्याची सोय केली, सूर्य-चंद्र असेपर्यंत. इ.स. ४६५च्या, स्कंदगुप्ताच्या काळातल्या ताम्रपटात देवविष्णू नावाच्या ब्राह्मणाने सूर्यमंदिराच्या दिव्यासाठी तेल्यांच्या श्रेणीकडे ठेव ठेवली. श्रेणीने रोज दोन पळं तेल द्यायचं. श्रेणी गाव सोडून दुसरीकडे गेली तरी ही जबाबदारी सुटणार नाही, असंही लिहून ठेवलंय. ‘शाखा स्थलांतरित झाली’ ही सबब तेव्हाच बंद केलेली!

हे दिवे देवळातले, विहारातले. पण अभ्यासाच्या जागेसाठी तेल? त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे.

पाटण्याचा शिलालेख

चाळीसगावजवळ, पितळखोऱ्याच्या डोंगरपायथ्याशी पाटणा गाव आहे. पाटणादेवीला आपल्यापैकी अनेक जण ट्रिपला गेले असतील. तिथल्या देवळातला शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. शके ११२८चा, म्हणजे इ.स. १२०७च्या सुमाराचा. ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्याने इथे मठ काढला. निकुंभ घराण्यातला सोइदेव आणि त्याच्यानंतर हेमाडीदेव यांनी मठाला देणग्या दिल्या.

लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. पण शेवटी, जिथे रोजचा व्यवहार येतो, तिथे भाषा जुनी मराठी होते. कारण हे बाजारातल्या माणसाला कळायला हवं. बाजारात विकायला येणाऱ्या मालावरचा काही भाग मठाला. आणि जेवढे तेलाचे घाणे चालतात, त्या प्रत्येकामागे एक पळी तेल मठाला.

एक पळी. दात्याच्या नावाची पाटी नाही, मोठी रक्कम नाही. गावातल्या प्रत्येक घाण्याने थोडं थोडं द्यायचं, आणि गणित शिकणाऱ्या मुलांचा मठ चालायचा. मठात तेल लागणार ते फोडणीला, अंगाला आणि दिव्याला. आकाशातले ग्रह मोजणाऱ्यांना दिवस मावळल्यावर तर दिवा हवाच.

या मठात कोण शिकत होतं आणि कुणाला आत प्रवेशच नव्हता, हा प्रश्न विचारायलाच हवा. ज्या तेल्याने पळी दिली, त्याच्या मुलाने त्या दिव्याखाली ‘लीलावती’ वाचली असेल, असं त्या काळाची समाजरचना बघता वाटत नाही. मुलींचं तर नावच नको. उजेडाचा खर्च सगळ्या गावाने वाटून घेतला होता. उजेड वाटला गेला नव्हता.

अजिंठ्यात काजळी का दिसते?

फैजपूरहून भुसावळ, जामनेर करत आपण अजिंठ्याला जातो. पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात तिथली १, २, १६, १७ क्रमांकांची लेणी रंगली. गाईड हमखास आरशांची गोष्ट सांगतात. आरशाने किंवा पांढऱ्या कापडाने बाहेरचं ऊन मंडपात वळवता येतं, हे खरंच. पण आतल्या खोल्यांत, कोपऱ्यांत आणि संध्याकाळनंतर दिव्याला पर्याय नाही. त्या दिव्यांच्या आणि नंतर तिथे राहून गेलेल्यांच्या चुलींच्या धुराने काही चित्रं काळवंडली. ज्या उजेडाने चित्रं दिसली, त्यानेच ती झाकलीही. म्हणून आज तिथे मुद्दाम मंद दिवे आहेत. पुढच्या वेळी ‘काही दिसत नाही’ म्हणून वैतागायच्या आधी डोळ्यांना पाच मिनिटं द्या. साधारण तेवढ्याच उजेडात ती चित्रं बघितली जात होती.

आजची पळी

वातीच्या दिव्यात मोठा बदल झाला तो थेट १७८०मध्ये. एमे अर्गांद या स्विस संशोधकाने नळीसारखी पोकळ वात केली, ज्योतीला आतूनही हवा मिळाली, वर काचेची चिमणी आली. त्यानंतर रॉकेल, कंदील आणि मग बटण. आपल्या आजी-आजोबांनी कंदिलाची काच राखेने पुसलीय. म्हणजे घराघरांतली वात विझून अजून दोन पिढ्याही झाल्या नाहीत.

पण ‘अभ्यासाच्या उजेडाचे पैसे कोण देणार’ हा प्रश्न विझलेला नाही. आपल्या भागातल्या गावांत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका निघाल्यात. घरात एकच खोली, त्यात टीव्ही, त्यात पाहुणे, म्हणून पोरं-पोरी तिथे बसतात. एका गावात तर मुलंच महिन्याला वर्गणी काढून अभ्यासिकेचं वीजबिल भरतात. ज्याला वर्गणी जमत नाही, तो हळूच यायचा बंद होतो. मुलींसाठी प्रश्न वेगळाच. अभ्यासिकेत उजेड असतो, पण तिथून घरापर्यंतच्या रस्त्यावर खांबावरचा दिवा बंद, म्हणून सात वाजता उठून निघायचं. सातपुड्याच्या पाड्यांवर सोलर दिव्याची बॅटरी गेली की नवी कोण आणणार, तिथे गाडी अडते.

१९ किलो तिळाचं काम आज १३ युनिटांत होतं. एवढं स्वस्त झालेलं असताना कुणाचा अभ्यास उजेडासाठी अडत असेल, तर अडचण तेलाची नाही, पळी कुणी द्यायची हे न ठरवल्याची आहे. पाटण्याच्या लोकांनी आठशे वर्षांपूर्वी ते ठरवून दगडावर कोरून ठेवलं होतं. आपल्याला दगडही लागत नाही. पुढच्या ग्रामसभेत एक ठराव पुरतो, अभ्यासिकेच्या बिलाचा आणि तिच्या वाटेवरच्या खांबाचा.

ग्रामसभेला अठरा वर्षांवरचा कुणीही मतदार बसू शकतो. म्हणजे आपण सगळेच.